दिवा, घाणा आणि प्रतीकाची नीती

मेहकरच्या कंचनीच्या महालाची कथा सहसा उंचीची कथा म्हणून सांगितली जाते. कंचनी ही नर्तकी. सुमारे २० किलोमीटरांवरील लोणार विवरातल्या कमळजादेवीचा दिवा दिसावा एवढा उंच महाल तिने बांधायला घेतला, असा तिचा एक प्रचलित पाठ आहे. मेहकरचेच कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांनाही या महालाने काव्यविषय पुरविला. या कथेत नर्तकीची आकांक्षा आहे, देवीचे माहात्म्य आहे, दूरवरचा उजेड आहे. त्या दिव्यात तेल कोणी घातले, आणि त्याआधी ते कोणी गाळले, याची मात्र तिला दखल नाही. हे विस्मरण या एका कथेपुरते आहे, की प्रतीक घडण्याच्या प्रक्रियेतच ते अनुस्यूत आहे? आणि तसे असल्यास त्याला दोष म्हणता येईल काय?

भाषेच्या पातळीवर तेलाइतके भाग्यवान द्रव्य विरळाच. ‘तैल’ हे तिळाचे अपत्य; आणि ‘स्नेह’ या एकाच शब्दात संस्कृताने तेलही साठविले आणि मायाही. लग्नातले तेलवण, दिवाळीचे अभ्यंगस्नान, शनीला घातलेली तेलाची धार, देवापुढचा नंदादीप : मंगल आणि अरिष्टनिवारण या दोन्ही टोकांना तेल हवेच असते. परंतु ज्याच्या घाण्यातून हे द्रव्य येते त्या तेल्याचे दर्शन प्रस्थानसमयी अशुभ मानण्याचा संकेतही याच समाजाने पाळला. राजा भोजाच्या तुलनेला म्हणीने गंगा तेलीण उभी केली. टिळकांना हिणवायचे झाले तेव्हा ‘तेल्यातांबोळ्यांचे पुढारी’ हे बिरुद प्रतिपक्षाला पुरेसे वाटले. द्रव्य पवित्र आणि द्रव्यकर्ता हीन, ही विसंगती अपघाताने उद्भवलेली नाही. तेल देवाचे व्हायचे, तर ते आधी तेल्याचे नसावे लागते.

यावर असा आक्षेप संभवतो की, अमूर्तीकरण हा प्रतीकाचा धर्मच आहे. कमळ पाहताना चिखलाचा हिशेब कोणी मागत नाही. मग ज्योतीकडून घाण्याची साक्ष का मागावी? आक्षेप बिनतोड नसला तरी दुर्लक्षिण्याजोगा नाही. प्रत्येक प्रतीकाने आपला उत्पादन-इतिहास पाठीवर वाहावा, ही अपेक्षा कलेचे दप्तर करून टाकील. पण चिखलाचा अपमान होत नाही, माणसाचा होतो. ज्याच्या श्रमावर प्रतीक उभे आहे त्याच्याच अवहेलनेला जेव्हा ते हातभार लावते, तेव्हा हे विस्मरण निव्वळ सौंदर्यशास्त्रीय राहत नाही.

या विस्मरणाला पर्याय नाही असेही नाही. तुकारामांचे टाळकरी आणि त्यांच्या अभंगांचे लेखनिक चाकणचे संताजी जगनाडे हे व्यवसायाने तेली. त्यांच्या नावावर असलेल्या घाण्याच्या अभंगांत घाणा हेच अध्यात्माचे रूपक होते. येथे प्रतीक घडविणारा आणि तेल गाळणारा हात एकच आहे. अर्थ अमूर्ताकडे जातो खरा. पण वाचकाला तेथवर पोचायचे तर घाण्यावरूनच जावे लागते. श्रम न पुसताही प्रतीक संपन्न होऊ शकते, याचा हा मराठीतलाच दाखला होय.

खनिज तेलाने हा प्रश्न अधिक बिकट केला. तिळाचे नाव तिळाशी काडीचाही संबंध नसलेल्या द्रव्याला मिळाले. रॉकेल घरोघर दिव्यात जळले, त्याच्याच ‘घासलेट’ या नावावरून ‘घासलेटी’ हे सवंग वाङ्मयाचे विशेषणही झाले. त्याला देव्हारा लाभला नाही. १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात ‘सागरसम्राट’ने तेल शोधले तेव्हा राष्ट्रीय समृद्धीचे नवे मिथक आकाराला आले, आणि या मिथकात घाणा नाही, तेली नाही, जणू भूमीच स्वतःहून पान्हावते. १९९१ च्या आखाती युद्धानंतर विवान सुंदरम् (१९४३–२०२३) यांनी कोळसा आणि इंजिन ऑइल कागदावर वापरून चित्रमालिका केली. तिच्यातील काही कृतींत चित्र भिंतीवरून जमिनीवर उतरते आणि तेलाने भरलेला धातूचा ट्रे प्रेक्षकाच्या पायाशी येतो. तेलाविषयीचे चित्र आणि तेल यांतील अंतर येथे संपते. तैलचित्राच्या परंपरेत जवसाचे तेल हवेत सुकून रंगाला धरून ठेवते आणि स्वतः दृष्टीआड होते. वऱ्हाडच्या शेतांनी पिढ्यान्‌पिढ्या पिकविलेले हे जवस चित्राच्या चर्चेत क्वचितच येते. सुंदरम् यांनी या अदृश्य माध्यमाच्या जागी न लपणारे, डाग पाडणारे माध्यम आणले. तरी येथेही एक उणीव उरते : युद्ध दिसते, विहिरीवरचा मजूर दिसत नाही.

तेव्हा तेलाला प्रतीक करू पाहणाऱ्या कलेला विचारायचा प्रश्न एवढाच : तिच्या उजेडात तो उजेड पुरविणारा दिसतो काय? तो प्रत्येक वेळी दिसलाच पाहिजे असे नाही. पण त्याला अंधारात ठेवल्यावाचून जो दिवा तेजस्वी वाटत नाही, त्या दिव्याच्या तेजाबद्दल शंका घेणे हे समीक्षेचे कर्तव्य ठरते.