पोशाख आणि साधेपणा

‘साधी राहणी, उच्च विचारसरणी’ हे आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिले आहे. तरीही निरोप समारंभात मी मुलांना सांगतो, एक पांढरा सदरा, एक गडद पँट आणि पॉलिश केलेले काळे बूट जवळ असू द्या. खांद्याची शिवण खांद्यावरच बसू द्या. सहकारी विचारतात, “सर, हा डामडौल कशाला?” गांधीजींनी १९२१ साली मदुराईत पंचा स्वीकारला, तो त्याग होता, सोडायला त्यांच्यापाशी काही होते. ज्यांना चांगले नेसणेच नाकारले गेले, त्यांनी काय सोडायचे? १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची रीत टाकायला सांगितली. त्यांचा सूट मला त्याच भाषणाचा पुढचा भाग वाटतो. कर्ज काढून शिवलेला कोट मात्र मला पटत नाही. इस्त्री नसेल तर सदरा घडी घालून रात्री उशीखाली ठेवावा, चालतो.