अर्धी खतपत्रे

तुकोबांनी कर्जाची खतपत्रे इंद्रायणीत सोडली, ही गोष्ट देहूच्या पंचक्रोशीत पोराटोरांनाही ठाऊक असते. तिच्यातला एक तपशील मात्र सांगता सांगता गळून जातो. सोडली ती निम्मीच. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, तुमचे मन संसारातून उठले, मला अजून लेकरेबाळे पोसायची आहेत. मग खतांची वाटणी झाली. कान्होबांचा हिस्सा त्यांच्या हाती गेला आणि तुकोबांनी आपला तेवढा पाण्यात टाकला. कथा परंपरेने सांगितलेली आहे, तिचा कागदोपत्री पुरावा मागू नये. पण धंदा किंवा नोकरी निवडताना ‘आधी स्वतःला ओळख’ असा जो सल्ला उठसूट दिला जातो, त्याचा अर्थ लावायला मला हिच्याइतकी नेमकी गोष्ट दुसरी सापडलेली नाही.

त्या घडीला तुकोबांना स्वतःविषयी काय कळले होते? आपण कवी आहोत, हे तर नक्कीच नाही. आपली हकिकत त्यांनी एका अभंगात स्वतःच सांगितली आहे आणि तिच्यातला क्रम पाहण्याजोगा आहे. आधी व्यापार, मग आईवडिलांचे जाणे, मग दुष्काळ, अन्नावाचून गेलेली पहिली बायको, त्याची वाटलेली लाज, तुटीत गेलेला धंदा. मग मोडकळीला आलेले देऊळ बांधायची इच्छा, एकादशीचे कीर्तन, संतांची वचने पाठ करणे, गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरणे. स्वप्नात गुरूचा उपदेश त्यानंतर येतो आणि कवित्वाची स्फूर्ती त्याच्याही पाठीमागून. आपण ज्या गोष्टीने त्यांना ओळखतो ती त्यांच्या यादीत जवळजवळ शेवटी आहे. तेव्हा खते बुडवताना त्यांच्या हाती ‘मला काय व्हायचे आहे’ याचे उत्तर नव्हते. हाती होती ती एक लहानशी, पण पक्की माहिती: वसुली आपल्याच्याने होणार नाही.

ही माहिती फुकट मिळालेली नव्हती. थोरले बंधू सावजी विरक्त, त्यांनी दुकानाला हात लावला नाही, म्हणून ओझे मधल्या भावावर आले. तुकोबांनी लहान वयात दुकान सांभाळले आणि सुरुवातीची वर्षे ते नीट चालवलेही. 1630च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ पडला तेव्हा ते विशीत होते. दुष्काळात दिवाळे निघाले यावरून माणूस धंद्याला नालायक ठरत नाही, कारण त्या साली भल्याभल्यांचे दिवाळे निघाले. खरी खूण पुढच्या गोष्टींत आहे. दुसरी बायको जिजाई, म्हणजे आवली, हिने कर्ज काढून भांडवल उभे केले, तुकोबा माल घेऊन गेले, नफा करून परतले आणि वाटेत कर्जापायी छळल्या जाणाऱ्या माणसाला सगळे देऊन मोकळे झाले, असे संतचरित्रकार महिपतींनी सांगितले आहे. गंमत पाहा, नफा झाला होता. माल कुठे न्यावा, कसा विकावा हे त्यांना येत होते. समोरच्या नडलेल्या माणसाकडे पैसा तसाच राहू न देता काढून घेणे, हे मात्र सोसत नव्हते. आणि सावकारीतून वसुली वजा केली तर मागे राहते काय?

(आवलीने यावर काय म्हटले असेल याची कल्पना करता येते. तिला चारशे वर्षे कजाग ठरवणाऱ्यांनी एकदा तिच्या नावावर किती कर्ज होते ते मोजावे. भावांनी वाटणी केली तेव्हा तिचा हिस्सा कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही.)

आपल्याकडे स्वतःला ओळखायची रीत याच्या उलट टोकाने सुरू होते. ‘तुला काय आवडते?’ राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. अहवालात वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक अशी क्षेत्रे असत आणि गणवेशधारी सेवा हेही एक असे. हेतू चांगला होता. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची आवड ही बहुतेक वेळा त्याने काय पाहिले याची नोंद असते. देहूजवळच्या देहूरोडच्या मुलाने लष्कराची वाहने, दारूगोळ्याचा डेपो, आयुध निर्माणीच्या पाळ्या आणि खांद्यावर पिशवी टाकून लोकलकडे पळणारे लोक पाहिले आहेत. त्याचा कल गणवेशाकडे निघाला तर तो कल त्याचा किती आणि गावाचा किती, हे चाचणीला कसे कळावे?

व्यवसाय-मार्गदर्शनाच्या शास्त्राचा आद्य पुरुष मानला जाणारा फ्रँक पार्सन्स याने 1908 साली बॉस्टनमध्ये तरुणांना धंदा निवडायला मदत करणारी कचेरी काढली. आधी स्वतःला नीट जाणा, मग कामांची माहिती घ्या आणि दोहोंची सांगड विचाराने घाला, ही त्याची त्रिसूत्री आजच्या समुपदेशकांच्याही कामाचा पाया आहे. स्वतः पार्सन्स मात्र इंजिनिअर झाला, शाळामास्तर झाला, वकील झाला, कायदा शिकवू लागला, बॉस्टनच्या महापौरपदासाठी उभा राहून पडला आणि मग कुठे या कामाशी आला. त्याच्या त्रिसूत्रीतली पहिली पायरी त्याने कागद-पेन्सिल घेऊन चढलेली नव्हती. एवढी कामे करून पाहणारा माणूसच ती पायरी सांगू शकला, असे मला वाटते.

म्हणून अठरा-वीस वर्षांच्या मुलाला ‘काय आवडते’ हे विचारण्यापेक्षा, जे काही काम त्याने केले त्यातला कोणता तुकडा तो रोज उद्यावर ढकलत होता, हे विचारणे मला जास्त उपयोगाचे वाटते. कामे अख्खी आवडत नाहीत आणि अख्खी नावडतही नाहीत. नर्सिंगला गेलेल्या मुलीला रक्ताचे काही वाटत नाही, रात्रपाळीही जमते, पण नातेवाइकांना वाईट बातमी सांगायची वेळ आली की ती दुसरीला पुढे करते. आयटीआय करून चाकणला लागलेल्या मुलाचा मशीनवर हात चांगला बसतो, पण दर तासाच्या नोंदी भरायच्या म्हटले की तो हरवतो. दुचाकीच्या कर्जाचे हप्ते गोळा करणाऱ्या फायनान्स कंपनीत लागलेला पोरगा दार वाजवण्याआधी दोन गल्ल्या फिरून येतो. यातले काय शिकून सुटेल आणि काय कधीच सुटणार नाही, हे पाहावे लागते. नोंदी भरायची सवय लागते. वसुलीचे तसे सांगता येत नाही. आणि तो टाळलेला तुकडा कामाच्या कडेला आहे की मध्यावर, हेही बघायला हवे. नर्सला वाईट बातमी कधीतरी सांगावी लागते. हप्तेवाल्याला दार रोज वाजवावे लागते.

इथे एक मोठी गफलत होऊ शकते आणि तिचे उदाहरणही देहूरोडपाशी येऊन पोहोचते. 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. हेच बाबासाहेब 1917 साली बडोद्याच्या नोकरीत टिकू शकले नव्हते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून आलेला हा तरुण राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत उतरला. ते उघडकीस आले, लोक काठ्या घेऊन चालून आले, आणि दिवस बागेत काढून त्याला मुंबईची गाडी पकडावी लागली. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच की नोकरी सुटली. यावरून कुणी ‘याचा पिंड प्रशासनाचा नाही’ असा निष्कर्ष काढला असता तर? पुढे 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांनी मजूर खाते सांभाळले आणि नंतर ते देशाचे कायदामंत्री झाले. 1918 साली ते सिडनहॅम कॉलेजात शिकवू लागले, तिथेही काही प्राध्यापकांनी त्यांच्या पाण्याच्या माठाला हात लावण्यावर आक्षेप घेतला. वर्गात मात्र मुले कान देऊन ऐकत होती.

म्हणजे अडले की नाही, एवढे पाहून भागत नाही. कुठे अडले ते पाहायचे. तुकोबांचे काम कामाच्या आतच अडले. त्यांना वसुली करू नका असे कुणी सांगितले नव्हते. बाबासाहेबांना कामापर्यंत पोहोचूच दिले गेले नाही. पहिल्या अडण्यातून माणसाला स्वतःची माहिती मिळते, दुसऱ्यातून समाजाची. दोन्ही प्रकारची माहिती मोलाची आहे, पण त्यांची अदलाबदल झाली तर हुशार मुलगा आयुष्यभर स्वतःला नालायक समजतो. उलटही होते. आपल्याला जे सोसत नाही त्याचे खापर माणसे साहेबावर, पाळीवर, नशिबावर फोडत राहतात आणि गेटामागून गेट बदलत तेच दुखणे बरोबर नेतात.

घरी मात्र या दोन्हींसाठी एकच प्रश्न तयार असतो: ‘का सोडलीस?’ तोही अशा आवाजात की मुलगा पहिले सुचेल ते कारण सांगून मोकळा होतो. सोडायच्या आधीच्या आठवड्यात रोज काय काय केले, त्यातले कोणते काम सर्वांत शेवटी उरकत होतास, असे निवांत विचारले तर उत्तर वेगळे येते. कुणी म्हणेल, सुपरवायझर शिव्या द्यायचा. ठीक आहे, मग त्याच हुद्द्यासाठी तळेगावला अर्ज करायला हरकत नाही. कुणी थोडा वेळ गप्प बसून म्हणेल, माल तपासून तो नापास करायचो ना, समोर उभ्या असलेल्या माणसाला तसे सांगायला जीभ वळायची नाही. त्याला लगेच दुसरी नोकरी बघून देऊ नये. महिनाभर घरी बसला तरी चालेल. आणि त्या महिन्याचा हप्ता कोण भरणार, हे त्याच्या आईला विचारून ठरवावे.