आधी शेजाऱ्यांसाठी मागा

वुडलँड्स, सिंगापूर

चि. भाचीस,


तुझं निवेदन दोनदा वाचलं. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला येणाऱ्या प्रत्येकाला व्हिसामुक्त प्रवेश मिळावा, ही मागणी मला मनापासून पटते. आपले आईवडील आपल्याकडे चार दिवस राहायला येणार आणि त्यासाठी अर्ज, फोटो, एजंट, हे मलाही टोचतं. तुझ्या सासूबाईंच्या वेळी एजंटाने चुकीच्या मापाचा फोटो लावला आणि त्यांचं येणं लांबलं, तेव्हा तू किती कासावीस झाली होतीस ते मी पाहिलंय. म्हणून सही करण्याआधी सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट. जे आहे ते वाढवून सांगू नकोस. निवेदनात तू ‘अपमानास्पद आणि किचकट’ असे शब्द घातलेत, ते काढ. इथला नागरिक किंवा तुझ्यासारखी पीआर (कायम रहिवासी) स्वतःच्या सिंगपास या सरकारी ऑनलाइन ओळखीवरून आईचा अर्ज घरबसल्या भरू शकते. फी तीस डॉलर. बहुतेक अर्जांचा निकाल थोड्या दिवसांत लागतो. वर्क पासवरच्या ज्या मुलांचा पगार महिना किमान बारा हजार डॉलर आहे, त्यांना आईवडिलांसाठी दीर्घ मुदतीच्या पासचा अर्जही करता येतो. ज्याच्या हातात हे निवेदन पडेल त्याला हे सगळं तोंडपाठ असणार. तू अतिशयोक्ती केलीस की तो पुढचं वाचायचाच नाही. खरी अडचण एवढीच लिही: बाळंतपण, ऑपरेशन, अचानक आलेलं आजारपण यांना तारीख विचारता येत नाही, आणि अशा वेळी आईला आजच्या आज विमानात बसता येत नाही.

आता आमच्या वुडलँड्सचं सांगते. मलेशियातल्या जोहोरला जाणारा कॉजवे १९२४ सालचा, जेमतेम एक किलोमीटर लांब. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवस व्हिसाशिवाय प्रवेश दिला आहे आणि ही सवलत २०२६ अखेरपर्यंत वाढवली आहे. त्यामुळे सुट्टीत ९५० नंबरच्या बसमध्ये आपल्याकडचे आजी-आजोबा हमखास दिसतात. चेकपॉइंटला सगळ्यांनी सामानासकट उतरायचं, सरकत्या जिन्याने वर जायचं, तपासणी झाली की खाली येऊन पुन्हा बसच्या रांगेत उभं राहायचं. एकदा जोहोरहून परतीच्या वेळी नऊवारीतल्या एक आजी माझ्या पुढे होत्या. व्हिसाच्या कागदाची चार घड्या घातलेली प्रत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती आणि रांगेत दर दोन मिनिटांनी ती बाहेर काढून पाहत होत्या. सून सारखी म्हणत होती, “आई, मल्टिपल एंट्री आहे, काळजी करू नका.” काउंटरवर काहीच अडलं नाही. पण तासभर त्या बाई भीतीने गप्प होत्या. पलीकडे जाताना काही लागलं नव्हतं, लेकाच्या घरी परत येताना कागद लागला. तुझ्या निवेदनाचा जीव इथे आहे, तो आधी मांड.

पण हे मागायचं कोणाकडे? इथेच माझं तुझ्याशी जमत नाही. तू फक्त सिंगापूर सरकारला लिहिते आहेस, आणि चीनचं उदाहरण देऊन विचारते आहेस, त्यांना मिळालं मग आम्हाला का नाही? चीनचं कसं झालं ते नीट पाहा. चीनने २००३ सालीच सिंगापूरच्या नागरिकांना पंधरा दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय येऊ दिलं होतं, एकतर्फी. कोविडमध्ये ते थांबलं, जुलै २०२३ मध्ये परत सुरू केलं. चिनी माणसाला मात्र त्या सगळ्या काळात इथे यायला व्हिसा लागत होता. मग ९ फेब्रुवारी २०२४ ला, चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी, दोन्हीकडून तीस दिवसांची व्हिसामाफी लागू झाली. म्हणजे आधी त्यांनी आपल्या बाजूने दिलं आणि वीस वर्षांनी घेतलं.

आपण काय दिलं? १ जानेवारी २०१० पासून भारताने सिंगापूरसह पाच देशांच्या पर्यटकांना विमानतळावर व्हिसा द्यायला सुरुवात केली होती. २०१४ च्या अखेरीस त्या जागी ऑनलाइन व्हिसा आला. सोय झाली हे खरं, पण व्हिसा तो व्हिसाच. मी इथली नागरिक झाले तरी माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, पुण्याला जायला मला काही लागत नाही. आणि म्हणूनच आपल्यापैकी पुष्कळांना हे ठाऊकच नसतं, की समोरच्या दारातल्या चिनी किंवा मलय कुटुंबाला ताजमहाल पाहायचा तर आधी भारताचा अर्ज भरावा लागतो. दिवाळीत आपण त्यांना चकल्या-शंकरपाळे देतो, ‘एकदा आमचा देश बघा’ म्हणतो, आणि या अर्जाबद्दल कधी चकार शब्द काढत नाही.

म्हणून माझं सांगणं असं: पहिलं पत्र दिल्लीला लिहा. सिंगापूरच्या नागरिकांना अल्प मुदतीसाठी भारतात व्हिसाशिवाय येऊ द्या, असं इथल्या भारतीयांनी मागावं. ते पत्र गृह आणि परराष्ट्र या दोन्ही मंत्रालयांना जाऊ दे, आणि एक प्रत ग्रँज रोडवरच्या आपल्या उच्चायुक्तालयात दे. तुम्ही अजून भारताचे नागरिक आहात, २०११ पासून अनिवासी भारतीयांना फॉर्म ६ए भरून आपल्या गावच्या मतदार यादीत नाव घालता येतं. ते घाला आणि आपापल्या खासदाराला लोकसभेत प्रश्न विचारायला सांगा. दोन्ही देशांच्या मंत्र्यांची गोलमेज बैठक २०२२ पासून होते आहे. पैसे पाठवण्याचं भारताचं यूपीआय आणि सिंगापूरचं पेनाऊ फेब्रुवारी २०२३ मध्ये जोडले गेले, तेव्हापासून आपण आईला क्षणात पैसे पाठवतो. ज्यांनी हे जमवलं त्यांना हा विषयही जमण्यासारखा आहे, पण कोणीतरी तो टेबलावर ठेवायला हवा.

इथल्या सरकारकडे मात्र थोडंच मागा. साऱ्या भारतासाठी नको. दरवर्षी सुमारे बारा लाख भारतीय इथे येतात. एवढ्यांसाठी एकदम सूट मागितली तर उत्तर काय येईल ते तुलाही कळतं. नागरिक आणि पीआर यांचे आईवडील आणि सासूसासरे यांच्यापुरतं मागा, मुलांच्या हमीवर. त्यासाठी मोर्चाबिर्चा मनात आणू नकोस. तुझ्या सह्यांच्या यादीत वर्क पासवरची मुलं आहेत, आणि पीआर नसलेल्या परदेशी नागरिकांना सभा-निदर्शनांची मुभा असलेल्या हाँग लिम पार्कातही परवान्याशिवाय भाग घेता येत नाही. हौसेपायी एखाद्याचा पास धोक्यात यायचा. मंडळाच्या गणपतीत स्टेजवरून सह्याही मागू नकोस, तिथे लोक देवासाठी आलेले असतात. सरळ इथल्या आपल्या भागातल्या खासदाराच्या मीट-द-पीपल सेशनला जा. संध्याकाळी ब्लॉकखाली बसून स्वयंसेवक तुझं म्हणणं ऐकतात, पत्र तयार करतात आणि ते खासदाराच्या सहीने मंत्रालयात जातं. एकटी जाऊ नकोस, पाच-सहा कुटुंबं वेगवेगळ्या दिवशी जा.

आणखी एक, थोडं कडू. पोलंडच्या लोकांना अमेरिकेचा व्हिसा माफ व्हावा म्हणून शिकागोकडच्या पोलिश संघटना वर्षानुवर्षं खटपट करत होत्या. पोलंड १९९९ मध्ये नाटोत आला, इराकमध्ये सैन्य पाठवलं, तरी व्हिसा सुटेना. कारण अमेरिकी कायद्यात आकडा होता: नाकारलेले अर्ज तीन टक्क्यांच्या खाली हवेत. तो आकडा खाली आला तेव्हा, ११ नोव्हेंबर २०१९ ला, माफी मिळाली. मैत्रीचे दाखले मदतीला येतात, पण फाइलवर आकडेच पाहतात. मुदत उलटून राहणारा, व्हिजिटवर येऊन काम करणारा प्रत्येक जण आपल्या सगळ्यांच्या आयांची वाट अडवतो. ओळखीत कोणी ‘राहू दे अजून आठवडाभर, कोण बघतंय’ म्हणालं तर तिथेच त्याला थांबव. मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन करता येतो, तो कसा करायचा ते नव्या मुलांना शिकवा. हे काम निवेदनाइतकंच महत्त्वाचं आहे.

मसुदा नव्याने लिही: दिल्लीचा वेगळा, इथला वेगळा, दोन्ही एकेका पानात. आणि दिल्लीच्या पत्रासोबत तुझ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी दोन ओळी लिहून दिल्या तर त्या जरूर जोड. रविवारी घेऊन ये, पहिली सही मी करीन.

तुझी,
मावशी