फळ कुणाचं?

निष्काम कर्म माणसाला खरंच जमतं का? शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने बघत वाढलेल्या माझ्यासारख्या कोल्हापूरकरणीला हा प्रश्न पडला तो एका जुन्या जपानी फुटबॉल गेममुळे.

‘कॅप्टन त्सुबासा 2’ हा गेम टेक्मो कंपनीनं 1990 साली फॅमिकॉम या गेमयंत्रासाठी काढला. योइची ताकाहाशी यांच्या चित्रकथेवर तो बेतलाय. बोटांच्या चपळाईला त्यात फारसा वाव नाही. चेंडू पायाशी असताना बटण दाबलं किंवा प्रतिस्पर्धी आडवा आला की खेळ थांबतो आणि तुम्ही ठरवायचं: पास, ड्रिबल की शॉट? जोरदार शॉट मारला की खेळाडूचा दमही तितकाच खर्ची पडतो. साओ पावलोत खेळणारा नायक त्सुबासा, संघातली मैत्री, शेवटी ब्राझीलशी गाठ, हे सगळं संवादांतून उलगडतं. जपानी येत नसेल तर निम्मा खेळ मुका. पहिला भाग नावं बदलून अमेरिकेत गेला होता, दुसरा मात्र अधिकृतपणे इंग्रजीत आलाच नाही.

तो आणला चाहत्यांनी. गेमच्या फाइलमधल्या आकड्यांच्या जंगलातून कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे हुडकायचं, चौकोनी ठिपक्यांत नवी अक्षरं काढायची, आणि जपानीत चार अक्षरांत मावलेलं वाक्य तेवढ्याच जागेत बसवायला झगडायचं. हाती उरते ती एक छोटी पॅच फाइल. तिच्यात मूळ गेम नसतो, फक्त बदल असतात. ती फुकट वाटायची. गेमवर हक्क कंपनीचा, त्यामुळे विकायची सोयच नाही.

म्हणजे पैशाचं फळ आधीच गेलं. पण इच्छा गेली का? नाही. आपल्याला दिसलं ते इतरांनाही दिसावं, ही ओढ नसती तर एवढे कष्ट कुणी उपसले असते? काही जण म्हणतील, हीसुद्धा आसक्तीच. मला हे अजिबात मान्य नाही. ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये गीता मराठीत आणली आणि अखेरीस देवाकडे मागणं मागितलंच. पण ते सगळ्यांसाठी. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्याला लोकसंग्रह, म्हणजे सगळ्यांच्या भल्यासाठीचं कर्म, म्हटलंय, त्यात इच्छा मरत नाही, तिचा ‘मी’ गळतो. तीस वर्षांहून जुना हा खेळ आजही मन धरून ठेवतो, त्यात या गळलेल्या ‘मी’चा वाटा मोठा आहे असं मी मानते.

तुम्ही असा एखादा गेम खेळणार असाल, तर पॅचसोबतचं टिपण आधी वाचा. काम करणाऱ्यांची नावं बहुधा तिथेच असतात.