सुई कोणाच्या हाती?

गडचिरोलीच्या खेड्यांत तेव्हा बाळंतपणं बहुतेक घरीच होत. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार पडलं, तर घरचे देवाला हात जोडत. आजारी नवजात बाळाला रुग्णालयात हलवावं, असं वैद्यकाचं पुस्तक सांगत होतं. सल्ला बिनचूक होता. रुग्णालय तेवढं गावापासून लांब होतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन नोंद ठेवली. निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज होती. ते मिळाले शंभरातल्या जेमतेम तिघांना.

मग गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं. वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचे, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनही द्यायचं. शहरातला कुठलाही डॉक्टर इथे दचकेल. चार बुकं शिकलेल्या बाईच्या हाती सुई?

यावर वाद घालत बसता आलं असतं. बंगांनी त्याऐवजी शेजारची ४७ गावंही मोजायला घेतली. तिथे नेहमीची सरकारी सेवा तेवढी चालू होती. मला या गोष्टीत ही ४७ गावंच मोलाची वाटतात. नुसत्या ३९ गावांत मृत्यू घटले असते, तर पीकपाणी बरं झालं, रस्ता आला, असं कुणीही म्हणालं असतं. पण पाऊस दोन्हीकडे सारखाच पडत होता. १९९७-९८ मध्ये त्या ४७ गावांत हजार जन्मांमागे जवळपास ६० नवजात बाळं दगावत होती. ३९ गावांत तो आकडा २५ च्या आसपास आला होता.

१९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं हे छापलं. सुईबद्दलची शंका लगेच मिटली नाही आणि सरकारही हललं नाही. इतर ठिकाणी पुन्हा चाचण्या झाल्या. २००५ मध्ये आशा कार्यकर्त्या आल्या आणि २०११ मध्ये नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचं काम देशभर त्यांच्याकडे सोपवलं गेलं. एक पुरावा जाणून घ्यायला तीन वर्षं लागली, मानून घ्यायला बारा. त्या बारा वर्षांचा हिशेब मांडायला हवा.

आज घरी बाळ आलं की आशाताई ४२ दिवसांत किमान सहा वेळा दारी येतात. नजर लागेल म्हणून बाळाचं वजन करायला त्यांना नाही म्हणू नका.