मरणोत्तर पदक कोणाचे?

शूराचा सन्मान व्हावा हे आपण सारेच मान्य करतो. पण पदक छातीवर लावावयास जो उरलेलाच नाही, त्याला ते देणे म्हणजे नेमके काय? आणि मृत्यूनंतर ७८ वर्षांनी ते दिले, तर त्यास न्याय म्हणावे की केवळ उपचार?

टेडी शीन या ऑस्ट्रेलियन खलाशाची हकीकत या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. १ डिसेंबर १९४२ रोजी तिमोर बेटाच्या दक्षिणेस जपानी विमानांनी ‘आर्मिडेल’ ही लहानशी युद्धनौका बुडविली. नौका सोडून जाण्याचा हुकूम झाला होता. अठरा वर्षांचा हा टास्मानियन तरुण जखमी होता. जीव वाचविला असता तर त्याला कोणीही बोल लावला नसता. तरी तो मागे फिरला, पिछाडीच्या विमानविरोधी तोफेशी त्याने स्वतःला बांधून घेतले आणि पाण्यातील सोबत्यांवर गोळ्या झाडणाऱ्या विमानांवर तो अखेरपर्यंत मारा करीत राहिला. नौकेवरील १४९ जणांपैकी ४९ वाचले.

१९४३ मध्ये त्याच्या वाट्यास आला तो लष्करी खलित्यातील एक नामोल्लेख. त्या काळच्या ब्रिटिश नियमांनुसार रणात पडलेल्या वीरास एक तर सर्वोच्च असा व्हिक्टोरिया क्रॉस देता येई, नाही तर असा उल्लेख. शौर्यपदकांच्या मधल्या पायऱ्या जिवंतांसाठीच राखलेल्या होत्या. पुढे २०१३ च्या चौकशीने क्रॉसची शिफारस नाकारली. २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने ती केली. मे २०२० मध्ये सरकारने ती अमान्य केली. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, तज्ज्ञमंडळाच्या फेरविचारानंतर, क्रॉस मंजूर झाला.

ज्यांचे आयुष्य टिपणे आणि शेरे लिहिण्यात जाते त्या आपल्यासारख्यांना नकार देणाऱ्यांची अडचणही समजते. एकाचे जुने प्रकरण उघडले, तर दुसऱ्याचे कोणत्या तोंडाने मिटवावे? प्रश्न खोटा नाही. परंतु त्याचे उत्तर दुसरेही प्रकरण तितक्याच काळजीने पाहणे हे आहे. पहिले बंद ठेवणे हे नव्हे.

खरा घोटाळा पदकाच्या कल्पनेतच आहे. पदक हा मोबदला मानला, तर घेणारा गेला की देणेही फिटले. मधल्या पायऱ्या मृतांना नाकारणाऱ्या नियमात हीच समजूत दडलेली दिसते. पण पदक ही साक्ष आहे. अमुक मनुष्याने अमुक केले आणि ते आम्ही जाणतो, असे समाजाने सांगणे आहे. साक्ष द्यावयाची ती सत्यासाठी. ती ऐकावयास ज्याच्याविषयी बोलावयाचे तो हजर असलाच पाहिजे असे नाही.

विलंबाने शीनचे काहीच बिघडले नाही. त्याचे कृत्य त्याच दिवशी पूर्ण झाले होते. बिघडले ते त्याच्या आप्तांचे, आणि ज्यांनी पाण्यातून त्याला पाहिले व जे बहुतेक वाट पाहत निघून गेले, त्यांचे. साक्षीला मुदत नसते. साक्षीदाराच्या आयुष्याला मात्र असते.