फॅक्टर सरकार देतं, मांडी कोण देणार?

मान वर कर. इकडे बघ. परवा पाय दुखत होता, काल झोप झाली नव्हती, आणि आज ‘सर, मला हिमोफिलिया आहे.’ हे मला सांगतोस? तुझ्या रक्तात रक्त गोठवणारा ‘फॅक्टर ८’ एक टक्क्याहून कमी आहे, हे मला ठाऊक आहे. स्वतःची शीर स्वतः शोधतोस, सुई स्वतः टोचतोस, हेही मी पाहिलंय. भली भली माणसं सुई बघून तोंड फिरवतात. एवढी धमक असलेल्या पोराला रोज दहा मिनिटं पाय सरळ ठेवून उचलणं जमत नाही? जमत नाही म्हणू नकोस. करत नाहीस, असं म्हण.

‘आमच्यासारख्यांना खेळायची बंदी असते.’ कुणी घातली? ‘हलू नका’ म्हणायचे ते दिवस कधीच गेले. जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना नियमित व्यायाम करा म्हणतात. चाला, पोहा, सायकल चालवा, बॅडमिंटन खेळा, टेबल टेनिस खेळा. टाळायचे ते धडकाधडकीचे खेळ: कुस्ती, बॉक्सिंग, रग्बी. आपल्याकडे त्यात कबड्डीही आलीच. तू या यादीतलं ‘टाळा’ तेवढं पाठ केलंस. बाकीची यादी कुठे गेली?

इंग्लंडचा ॲलेक्स डाउसेट. आजार तुझाच, आणि तितकाच गंभीर. लहानपणी धसमुसळे खेळ बंद होते म्हणून पोहायला लागला, पुढे सायकलीवर बसला. २ मे २०१५ ला मँचेस्टरच्या ट्रॅकवर त्यानं एका तासात ५२.९३७ किलोमीटर कापले आणि जागतिक विक्रम केला. जालन्याहून निघालास तर तेवढ्यात चिकलठाण्याच्या आसपास पोचशील. आता म्हणशील, त्याला तिकडे औषध मिळत होतं. तुला मिळत नाही? महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांतून फॅक्टर मोफत दिला जातो. बाहेरून विकत घ्यायची वेळ आली असती तर तुझ्या बापाचं शेत उरलं असतं का?

आणि त्या फॅक्टरचं तू काय करतोस? सकाळी घेतोस आणि दिवसभर मोबाइल घेऊन लोळतोस. साधारण बारा तासांत त्याची पातळी निम्म्यावर येते, हे तुला डॉक्टरांनी दहादा सांगितलंय. म्हणजे सांधा सगळ्यात सुरक्षित असतो तेव्हा तू गादीवर. आणि दोन दिवसांनी, पातळी तळाला गेली की, पोरांनी हाक मारली म्हणून आझाद मैदानावर बॉल टाकायला हजर! व्यायामाची भीती वाटते आणि मैदानाची वाटत नाही? यातलं खरं कोणतं?

गेल्या खेपेचं बोलू. डाव्या गुडघ्यात सुरसुरायला लागलं, गरम लागायला लागलं, तेव्हाच तुला कळलं होतं. आत रक्त उतरतंय हे तुझ्याआधी कुठल्याच डॉक्टरला कळणार नाही. तरी दोन दिवस लपवलंस. वर मेडिकलमधून आयब्युप्रोफेन आणून खाल्लीस. त्या गोळीनं रक्त थांबायला आणखी वेळ लागतो. माहीत नव्हतं? होतं. पण बोललं तर मैदान सुटेल म्हणून गप्प बसलास.

आईचं नाव पुढे करू नकोस. दोष आपल्याकडून मुलात आला म्हणून ती माउली इतकी वर्षं स्वतःला बोल लावतेय. तिला भीती वाटणारच. पण तिच्या भीतीत तुझा आळस खपतो, म्हणून तुला ती सोयीची झाली. एकदा तरी फिजिओकडे जाताना तिला सोबत नेलंस? नाही. नेलं असतंस तर ती ‘नको’ म्हणायची थांबली असती, आणि मग तुझ्याकडे सांगायला काय उरलं असतं?

नीट ऐक. गुडघ्यात रक्त उतरलं की तू पाय वाकवून ठेवतोस. मांडी वापरात राहत नाही, वाळते. वाळलेली मांडी गुडघा सावरू शकत नाही. जरा वेडावाकडा पाय पडला की पुन्हा रक्त. त्यात तुझं वजन वाढतंय, तेही त्याच गुडघ्यावर. फॅक्टर सरकार देतं, मांडी कोण देणार? याच जिल्ह्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थ रामदासांनी लोकांनी बळ कमवावं म्हणून गावोगाव मारुती बसवले. तू शनिवारी जाऊन नुसता नारळ फोडतोस.

पोहायला तलाव नाही? अंबडला मामाची विहीर आहे. पायरीनं उतर, डबा बांध, सोबत कुणीतरी असू दे. मुटका मारायचा नाही. उन्हाळ्यात ती आटली तर मोतीबागेत चालायला लाग.

फिजिओंनी व्यायामाची परवानगी देऊन महिना झाला. आता असं: ज्या दिवशी फॅक्टर, त्या दिवशी तासाभरात इथं माझ्यासमोर व्यायामाला. त्यांनी दिलेला कागद खिशात पाहिजे. मनानं नवीन काही करायचं नाही. दुखलं तर तिथल्या तिथं सांगायचं. उद्या टेप मी आणतो. दोन्ही मांड्या मोजू, आणि डावी किती बारीक झालीय तो आकडा तुझ्या हातानं वहीत लिही. बूट घालून ये. चप्पल चालणार नाही.